शुद्धिपत्र

मागच्या वर्षी पावसाळा नुकताच सुरू झाला असताना एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मराठी विभागात आली. प्रकाशा ते सारंगखेडा या तापीकाठच्या पट्ट्यातील लग्नगीतांवर तिला लघुप्रबंध लिहावयाचा होता. ग्रंथालयाच्या मागच्या कपाटातून तिने एक पुस्तक शोधून आणले होते. पुठ्ठ्याची पाठ सुटलेली होती, आणि आतील शिक्क्यांच्या कागदावर इतक्या वर्षांत चारच तारखा होत्या. तिने विचारले, "मॅडम, या खैरनार मॅडम कोण? आपल्याच भागातल्या दिसतात. पण २०१९ नंतर त्यांचं काहीच सापडत नाही. वारल्या का त्या?"

पुस्तक आमचे होते. त्या हयात आहेत आणि शहाद्यातच राहतात, एवढेच आम्ही तिला सांगितले. तेवढ्यात तासाची घंटा झाली, आणि आम्ही हजेरीपट उचलून निघालो. वर्गात काय शिकवले ते आठवत नाही.

हा लेख 'मी' म्हणून लिहावयास आम्ही बसलो होतो. दोन परिच्छेद लिहून झाल्यावर ध्यानात आले, की पुस्तक लिहिणारी कोण आणि विद्यार्थिनीसमोर खरे बोलूनही सत्य टाळणारी कोण, हे एका 'मी'त नीट मावत नाही. शिवाय या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, असे आम्ही प्रतिज्ञापत्रावर सही करून दिलेले आहे. ज्याअर्थी तसे लिहून द्यावे लागले, त्याअर्थी शासनालाही शंका असावी. तेव्हा जुन्या निबंधकारांचा 'आम्ही' हाच बरा. वाचकांनी तो मोठेपणाचा समजू नये.

हकिकत थोडक्यात अशी. दहावीपासून एम.ए.पर्यंतच्या सर्व गुणपत्रिका जगताप या आडनावाच्या. २००१ साली लग्न झाले आणि आम्ही खैरनार झालो. २००८ साली पीएच.डी. मिळाली ती खैरनारांना. २०११ चे पुस्तकही त्यांचेच. २०१९ साली परस्पर संमतीने घटस्फोट झाला. त्याची कारणे येथे देत नाही; दोन्ही बाजूंनी पुरेशी होती आणि ती आता कोणाच्याच उपयोगाची नाहीत. २०२१ साली आम्ही पुन्हा जगताप झालो.

हुकूमनामा हाती आला तेव्हा त्यात नावाविषयी एक अक्षरही नव्हते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही ते नाही. लग्न झाले म्हणून पत्नीने पतीचे आडनाव लावावे असे तो कायदा सांगत नाही, आणि लग्न संपल्यावर ते टाकावे असेही सांगत नाही. जाताना सारे रूढीने आपोआप होते. आमच्या वेळी कार्यालयात विवाहाचा दाखला, एक अर्ज आणि पेढ्यांचा पुडा एवढ्यावर काम झाले होते. परतताना प्रतिज्ञापत्र, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, राजपत्रातील प्रसिद्धी, आणि मग आधार, पॅन, बँक, सेवापुस्तक, भविष्य निर्वाह निधी, मतदार यादी, गॅसचे पुस्तक अशी वारी करावी लागते. तीत एका खिडकीवरील कारकुनाने नोंदवहीवरून मान न उचलता विचारले, "मॅडम, कारण काय लिहू?" मागे रांग होती. आम्ही उत्तर शोधत आहोत हे पाहून त्याने स्वतःच 'कौटुंबिक' असे लिहिले आणि शिक्का मारला. भला माणूस होता.

महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावांतील बदल छापले जातात. डावीकडे जुने नाव, उजवीकडे नवे. आमच्या ओळीत डावीकडे, म्हणजे जुने म्हणून, जे छापले होते ते वीस वर्षांपूर्वी मिळालेले नाव होते. आणि उजवीकडे, नवे म्हणून, जे होते त्याच नावाने आम्ही शाळेत 'हजर' म्हणत असू. राजपत्राची चूक नाही. त्याला काळ एकाच दिशेने जातो एवढेच ठाऊक.

या बाबतीत आमचे गाव सुखी आहे. आमच्या जन्मदाखल्यावर 'शहादा, जिल्हा धुळे' असे आहे. वडिलांच्या जुन्या कागदांवर पश्चिम खानदेश. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला आणि तालुका तिकडे गेला. शहादा गोमाईच्या काठावरून बोटभरही हलले नाही, आणि पूर्वीचे शहादे ते हेच, असे प्रतिज्ञापत्र त्याच्याकडे कोणी मागितले नाही. आमच्या पदव्यांवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असे आहे. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. बहिणाबाई असोद्याच्या, माहेरच्या महाजन. येथे सहज एक गंमत नोंदवावीशी वाटते. स्त्रियांची नावे असलेली महाराष्ट्रातील विद्यापीठे आठवावयास लागले की चार चटकन समोर येतात: बहिणाबाई चौधरी, सावित्रीबाई फुले, अहिल्यादेवी होळकर आणि नाथीबाई दामोदर ठाकरसी. चारही सासरच्या नावांनी. महाजन, नेवसे आणि शिंदे ही माहेरे चरित्राच्या पहिल्या पानावर येतात आणि तेथेच थांबतात. यात तक्रार नाही. त्यांनी कर्तृत्व ज्या नावांनी केले ती ही नावे. पण मग आमचे पुस्तकही खैरनारांचेच, हे या न्यायाने आम्हांला मान्य करावे लागते.

'घटस्फोट' हा शब्द आम्ही वर्गात अनेकदा फोडून दाखवला होता. स्वतःच्या नावाखाली तो छापलेला पाहिल्यावर त्याचे मूळ पुन्हा उघडून वाचले. धर्मशास्त्रातील घटस्फोटाचा पती-पत्नीशी संबंध नाही. तो बहिष्काराचा विधी आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन येते. पतिताच्या नातलगांनी गावाबाहेर, अशुभ दिवशी, संध्याकाळी जमावे. दासीने पाण्याने भरलेला घट मृतासाठी लवंडावा तसा पायाने लवंडावा. त्यानंतर त्याच्याशी बोलणे, बसणे, वारसा, सगळे बंद. माणूस जिवंत असतो आणि त्याचे पाणी सोडलेले असते. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीचा 'वारल्या का' हा प्रश्न शास्त्राला धरूनच होता.

पण तेथेच पुढे आणखी एक विधी सांगितला आहे, आणि त्याकडे आमचे लक्ष पूर्वी कधी गेले नव्हते. प्रायश्चित्त करून तो माणूस परत आला, तर नातलगांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घट त्या जलाशयात सोडावा. मग त्याने पूर्वीसारखी सारी नाती आणि कामे चालवावीत. मराठीने यांतला फोडण्याचा घट उचलला आणि काडीमोड व फारकत यांच्या शेजारी नेऊन ठेवला. परत येणाऱ्यासाठीचा भरलेला घट मात्र उचलला नाही. परत येण्याला आपल्याकडे नाव नाही. आहेत ती 'टाकलेली', 'सोडलेली', 'परित्यक्ता' अशी विशेषणे, आणि त्या सर्वांत क्रिया दुसऱ्या कोणी केलेली आहे. जी स्वतः उठून आली तिला काय म्हणावे? आमच्या गल्लीत "त्या इकडेच असतात आता" असे म्हणतात. 'आता' वर किंचित जोर देतात.

दुसरा शब्द 'पूर्वाश्रमीची'. निमंत्रणपत्रिकांपासून चरित्रकोशांपर्यंत आपण तो सहज वापरतो: अमुकबाई, पूर्वाश्रमीच्या तमुक. शब्द संन्याशाचा आहे. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतः करतो, आणि त्याचे आधीचे नावगाव पूर्वाश्रमात जाते. तेथून त्याने परत यावयाचे नसते. परत आला तर काय होते, हे मराठी माणसास वेगळे सांगावयास नको. विठ्ठलपंत गुरूंच्या आज्ञेने काशीहून आळंदीला परतले, आणि 'संन्याशाची पोरे' हे शब्द त्यांच्या चार मुलांनी ऐकले. परंपरा सांगते, की ती मुले शुद्धिपत्रासाठी पैठणास गेली. परतण्याला कागद लागतो, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

शुद्धिपत्र या शब्दाचा आम्हां लिहिणाऱ्यांना अधिक परिचित अर्थ वेगळा. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला तो कागद: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. राजपत्रातील आमची ओळ पाहताना दोन्ही अर्थ एकदमच मनात आले. पैठणच्या अर्थाने शुद्ध होण्याजोगे आम्ही काही केले नव्हते, याविषयी आम्हांला शंका नाही. छपाईचा अर्थ मात्र खुपला. 'खैरनार' असे जेथे असेल तेथे 'जगताप' असे वाचावे. मधली अठरा वर्षे ही मुद्रणदोष आहेत काय? त्या वर्षांत आम्ही तापीकाठच्या म्हाताऱ्या बायांच्या ओसऱ्यांवर बसून गाणी टिपली, चुलीचा धूर खाल्ला, प्रबंध लिहिला. त्या वर्षांत मुलगी झाली.

आडनावाची चर्चा लोक करतात. मराठी स्त्रीची खरी अडचण मधल्या नावाची असते. स्वतःचे, मग वडिलांचे किंवा पतीचे, मग आडनाव, अशी आपली त्रिपदी. दुसऱ्या प्रांतांतील बाईला आडनाव तेवढे बदलावे लागत असेल. आपल्याकडे पतीचे नाव तिच्या नावाच्या पोटात असते, आणि ते काढले की तेथे भोक पडते. अर्ज भरताना "मधे कोणाचं?" असा प्रश्न आला तेव्हा आमचे वय पंचेचाळीस होते. पुन्हा वडिलांचे लिहिले. हातून लिहिले गेले, असे म्हणणे अधिक खरे. वडिलांवर आमचे प्रेम आहे, पण त्या वयात कोणाच्या तरी छपराखाली परत उभे राहिल्यासारखे वाटले ते वाटलेच.

आईचे नाव का नाही? १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव अनिवार्य केले आहे. प्रथम बालकाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. विवाहित स्त्रीच्या नावाची पूर्वीचीच पद्धत त्या निर्णयाने चालू ठेवली. आमचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. तरी मनात आलेच, की आईचे नाव लावले असते तर कोणते? लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले, ते आईचे आज आम्हांला ठाऊक असलेले नाव. त्याआधीचे नाव आम्ही तिशी ओलांडल्यावर ऐकले, तेही तिच्या थोरल्या बहिणीने आजारपणात तिला त्या नावाने हाक मारली म्हणून. आई वळून पाहती झाली आणि आम्ही दारात उभ्याच राहिलो. यमुना कुर्लेकर रमाबाई रानडे झाल्या, मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाल्या, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. घरातली यमुना आम्हांला ठाऊक नव्हती.

शहाद्यात हा प्रश्न अनेकींना पडतही नाही. येथे गुजर आणि इतर समाजांत पाटील इतके, की पाटलांची मुलगी पाटलांकडेच जाते. आमच्या ओळखीच्या एका बाईंचे आडनाव लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर एकच राहिले. मधले नाव बदलून आणावयास गेल्या तेव्हा समोरच्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून "यात बदललं काय?" असे विचारले म्हणतात. त्या म्हणाल्या, "माणूस." सातपुड्याकडून येणाऱ्या आमच्या पावरा विद्यार्थिनींचेही तसेच, पावऱ्यांची मुलगी पावऱ्यांच्या घरी जाते. कुळ निराळे असते, पण कागदावर ते येत नाही. त्यांच्याकडे आणि भिलांत मोडलेल्या लग्नाचा निवाडा पंच करतात. देज किती दिले होते, किती परत करावयाचे याचा उघड हिशेब होतो, आणि बाई पुन्हा लग्न करू शकते. बाईची किंमत धरणे आम्हांला पटत नाही. पण संबंध संपल्याचे चार माणसांत मोकळेपणाने बोलून मोकळे होण्यात काहीएक स्वच्छता आहे, हे मान्य केले पाहिजे. शहरी घटस्फोटात पैसे असतातच. ते फक्त वकिलांच्या कानात बोलले जातात.

वडिलांना आम्ही सर्वांत शेवटी सांगितले. ते शिवणकाम करीत. आता दृष्टी गेली तरी दुकानात जाऊन बसतात. त्यांनी काही न बोलता पत्र्याची पेटी उघडावयास लावली आणि तळातून राजपत्राचे एक पिवळे पान काढावयास सांगितले. १९८४ सालचे. डावीकडे शिंपी, उजवीकडे जगताप. आम्ही तेव्हा दुसरीत होतो, आणि आमच्या शाळेच्या दाखल्यावर लाल शाईची एक दुरुस्ती आहे हे आम्हांला ठाऊक होते, पण त्यामागे काय होते हे कधी विचारले नव्हते. खानदेशात शिंपी, सोनार, वाणी असे जातीचेच नाव आडनाव म्हणून शाळेत चढवले जाई. वडिलांना गुरुजी "ए शिंप्या" म्हणत. आपल्या मुलांना कोणी तसे म्हणू नये, म्हणून त्यांनी कुळाचे आडनाव शोधून लावले. म्हणजे जे 'माहेरचे', 'मूळचे' म्हणून आम्ही परत घेतले, ते आमच्यापेक्षा सात वर्षांनी लहान निघाले.

वडील म्हणाले, कापड बेतताना माया सोडलेली असली, की उसवून पुन्हा शिवता येते. टाक्यांची भोके मात्र राहतात, ती धुण्यात हळूहळू बुजतात. शिवणातील जादा सोडलेल्या कापडाला शिंपी माया म्हणतात, हे वाचकांस ठाऊक असेलच. त्यांना काही सुचवावयाचे नव्हते. ते कापडाविषयीच बोलत होते, कारण त्यांना दुसरे काही बोलता येईना.

आडनाव एका पिढीचे असले तरी त्याचे काही अडत नाही, हे खरे. मंगेशकर हे नाव मास्टर दीनानाथांनी गोव्यातील मंगेशी गावावरून घेतले. आज ते अनादि वाटते. त्याच घरातील आशाताईंनी पहिल्या लग्नाचे भोसले हे नाव, तो संसार संपला तरी, पुढे राहुल देव बर्मन यांच्याशी विवाह झाला तरी, कायम ठेवले. अंबू सगुण या पडद्यावर ललिता पवार झाल्या, गणपतराव पवारांपासून वेगळ्या होऊन राजप्रकाश गुप्तांशी विवाह केल्यावरही पवारच राहिल्या. लीला चिटणीस माहेरच्या नगरकर, घटस्फोटानंतरही चिटणीस. या बायकांसाठी नाव ही दुकानाची पाटी होती, आणि दुकान त्यांनी स्वतः चालवलेले होते. मग पाटी का उतरवावी? प्राध्यापकीच्या चिमुकल्या दुकानापुरता हा विचार आम्हीही केला होता. लेख, पुस्तक, पदवी सर्व त्या पाटीखाली. दोन वर्षे ती तशीच ठेवलीही.

बदलली ती एका क्षुल्लक कारणाने. गाव लहान आहे. त्यांनी पुन्हा लग्न केले, योग्यच केले, आणि गावात दुसऱ्या खैरनार मॅडम आल्या, त्याही शिक्षिका. मग टपाल इकडचे तिकडे जाऊ लागले, आणि लोक विचारू लागले, "कोणत्या खैरनार मॅडम? पहिल्या की आताच्या?" पहिल्या या शब्दाला पुस्तकाच्या आवृत्तीत मान असतो. येथे तो नव्हता. आणि दुसऱ्या बाईंनाही तो रोज ऐकावा लागत असणार.

कायद्याची गंमत अशी, की नाव ठेवले तरी अडचण आणि सोडले तरी अडचण. घटस्फोटित स्त्रीने पूर्वीच्या पतीचे आडनाव वापरू नये, हा कुटुंब न्यायालयाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली एका प्रकरणात कायम केला. उलट बाजूस, माहेरचे नाव परत घेऊ पाहणाऱ्या स्त्रीने घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचे ना-हरकत पत्र जोडावे, अशी अट केंद्राच्या एका अधिसूचनेत होती. तिला २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात एका स्त्रीने आव्हान दिले. एकीकडे नाव त्याचे, म्हणून वापरू नका. दुसरीकडे तुमचे, पण त्याला विचारून घ्या.

वडील पूर्वी कापड आणावयास सुरतेस जात. नंदुरबारला जाऊन गाडी धरीत. पुढे प्रबंधाच्या निमित्ताने आम्ही त्याच वाटेने सुरतेस जाऊ लागलो, तेव्हा दर खेपेस डॉ. रखमाबाईंची आठवण होई. लंडनहून वैद्यकीचे शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात घालवली. लहानपणी लावलेले लग्न त्यांनी नाकारले. दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये फिर्याद केली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी ती फेटाळली. १८८७ मध्ये नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास, असा हुकूम झाला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन ते प्रकरण मिटले. घटस्फोट कधी झालाच नाही, कारण त्या काळच्या हिंदू स्त्रीला तो उपलब्ध नव्हता. आज आपण त्यांना रखमाबाई राऊत म्हणतो. राऊत हे सावत्र वडिलांचे, डॉ. सखाराम अर्जुन यांचे आडनाव. जन्मदाते वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या लहानपणीच वारले. स्वतः त्या रखमाबाई एवढ्याच नावाने वावरल्या. नवऱ्याचे नाही, वडिलांचे नाही, एकच शब्द. आणि तरी १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी पांढरे लुगडे नेसावयास सुरुवात केली. वर्गात येथवर आले की मुली नाराज होतात. पूर्वी आम्हीही होत असू. हा पराभव वाटे. आता तसे वाटत नाही. कायद्याने जे संपवले नव्हते ते त्यांनी आपल्या हाताने संपवले, असे वाटते. नाव न घेता शेवट मात्र पाळला. राऊत हे आडनाव आपण त्यांना मागाहून जोडले, ते आपल्या रकान्यांच्या सोयीसाठी.

मुलगी खैरनार आहे आणि राहील. वडिलांशी तिचे चांगले आहे. आम्ही जगताप झालो तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिने एकदाच विचारले, "मग आपण आता नातेवाईक का?" आणि स्वतःच हसली. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव छापलेले आहे, पण बोर्ड तेथे आईचे नुसते नाव छापते, आडनाव नाही. तिच्या इतक्या कागदांत आमची तिची गाठ निर्वेध पडते ती त्या एका शब्दात.

बारावीनंतर तिला बाहेरगावी एका वसतिगृहात ठेवावयास गेलो. अर्ज पाहून टेबलामागच्या बाईंनी आमच्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने पाहिले. "आई ना तुम्ही? मग आडनाव वेगळं कसं?" आम्ही पिशवीतून राजपत्राची प्रत काढू लागलो. त्याआधीच मुलगी सहजपणे म्हणाली, "मम्मी आधीपासून जगतापच होती. मधली काही वर्षं आमच्याकडे आली होती."

बाईंचे समाधान झाले. त्यांनी पावती फाडली. गादी, बादली, कुलूप घेऊन खोली लावून दिली आणि आम्ही एकट्याच परतीच्या गाडीत बसलो. तिचे काही चुकले नव्हते. खैरनारांच्या घरी ती जन्मली, तिचे घर ते; आम्ही तेथे आलेल्या. तापीकाठच्या लग्नगीतांत हेच तर आम्ही वर्षानुवर्षे टिपत आलो होतो, की सून येते आणि लेक जाते. आलेल्या सुनेच्या जाण्याचे गाणे आमच्या संग्रहात एकही नाही. दोंडाईचा येईपर्यंत त्या वाक्यात काही दुरुस्ती सुचवता येईल का, याचा विचार करीत राहिलो. सुचली नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही आठवड्याने खरे सांगितले. तिचे कान लाल झाले. वारल्या का, हा प्रश्न तिला आठवला असावा. मग तिने अभ्यासू मुलीला शोभेल असा प्रश्न केला: "मॅडम, मग संदर्भसूचीत नाव कोणतं लिहू?" आम्ही म्हणालो, पुस्तकावर आहे ते. तिने कंसात दुसरे नाव देऊ का विचारले. आम्ही नको म्हणालो.

लघुप्रबंध मार्चमध्ये आला. सूचीत 'ख' खाली खैरनार आहेत, चौथ्या क्रमांकावर. ऋणनिर्देशात जगताप मॅडमचे आभार आहेत. तिसऱ्या प्रकरणात एका गाण्याच्या पाठावरून खैरनार यांचे मत ग्राह्य वाटत नाही, असे तिने लिहिले आहे, आणि तिचे म्हणणे बरोबर आहे. तो शब्द आम्ही तेव्हा चुकीचा ऐकला होता. मार्गदर्शक म्हणून आम्ही त्या पानावर बरोबरची खूण केली, आणि शेवटी प्रमाणपत्रावर जगताप अशी सही केली.